आंदणाची गादी

दिवाळी झाली की अकोटच्या जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, आणि त्या रांगेच्या मागून चतुराबाई चालायची. चतुराबाई म्हणजे भगवंतराव पाटलांची बायको. ज्या जिनिंगकडे गाड्या चालल्या होत्या तिच्यात नवऱ्याचा चार आणे हिस्सा, हिवरखेडच्या शिवारात शंभर एकर काळी जमीन, घरावर माडी. आणि ही बाई भर रस्त्यात वाकून गाड्यांतून गळालेले कापसाचे पुंजके वेचायची. पदरात भरून घरी आणायची, सरकी काढून म्हशीला घालायची आणि उरलेल्याच्या देवासाठी वाती वळायची. कोणी पाहिलंच तर म्हणायची, "लक्ष्मी पायाखाली येऊन राहिली होती, म्हून उचलली." लक्ष्मी दुसऱ्याच्या गाडीतली होती, हे मात्र ती सांगत नसे.

हाजराबीला हे आणि असलं पुष्कळ माहीत होतं, कारण वर्षातले पंधरा-वीस दिवस ती त्या घराच्या पडवीत बसलेली असायची. ती कुर्बान पिंजाऱ्याची बायको. कुर्बान अंगणात धनुष्यासारख्या पिंजणाची तात, म्हणजे आतड्याची दोरी, वाजवत रुई पिंजायचा आणि ही ती रुई खोळीत भरून गादीला दोरे भरायची. माहेर अमरावतीजवळचं वलगाव. चौदाव्या वर्षी अकोटात आली ती सुई घेऊनच. मूल एकही टिकलं नाही. हातातली सुई तेवढी टिकली. तिने घातलेला टाका दहा वर्षं हलत नसे. गावात पिंजाऱ्यांची आठ-दहा घरं होती, पण पाटलांच्या गल्लीतल्या गाद्या, रजया, लोड, तक्के सगळे हाजराबीच्या हातचे. पावसाळ्यात तात ओली पडते, रुई फुलत नाही, मग चार महिने काम बंद. त्या चार महिन्यांत चूल पेटायची ती या गल्लीने उन्हाळ्यात दिलेल्या कामावर. आणि गल्लीने काम कोणाला द्यायचं, हे चतुराबाईच्या तोंडावर ठरायचं. म्हणून हाजराबी तोंड मिटून दोरे भरायची.

मिटलेल्या तोंडामागे काय काय साठतं ते ज्याचं त्याला ठाऊक. जुनी गादी उसवायची तर दुसऱ्या घरी लोक सरळ कात्री चालवतात. इथे दोरा तोडायचा नाही. एकेक टाका सुईने उचलून अख्खा दोरा ओढून काढायचा आणि पुठ्ठ्यावर गुंडाळून चतुराबाईच्या हातात द्यायचा. नवी गादी त्याच दोऱ्याने शिवायची. तो मध्येच तुटायचा, गाठी अडकायच्या, दिवसाचं काम दीड दिवसावर जायचं. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी चतुराबाईच्या लेखी नसायची. चहा मिळायचा, नाही असं नाही. सकाळी घरच्यांनी उकळून घेतलेली पत्ती दुपारी पुन्हा उकळून, कान तुटलेल्या कपात. तो कप पडवीच्या वळचणीला वेगळा खोचलेला असायचा आणि पिऊन झाल्यावर हाजराबीनेच तो विसळायचा.

पण तिला खरा संताप यायचा तो संध्याकाळी. दिवसभर रुईत बसलेल्या बाईच्या अंगावर, केसांत, भुवयांवर रुईचे तंतू बसतात. हाजराबी घरी निघाली की चतुराबाई तिला उंबऱ्याशी उभी करायची. "थांब, पदर झटक," म्हणायची. मग स्वतःच्या हाताने तिच्या केसांतले, पाठीवरचे, बाहीवरचे तंतू एकेक करून वेचून घ्यायची आणि वातींच्या डब्यात टाकायची. जिच्या ओठाला लागलेला कप घरात चालत नव्हता, तिच्या केसांतली रुई देवापुढे जळायला चालत होती. हाजराबी ताठ उभी राहायची. शेळी पिसवा काढून घेताना उभी राहते तशी. घरी गेल्यावर कुर्बानने काही विचारलं की त्याच्यावर खेकसायची.

भगवंतरावही बायकोला शोभतील असेच. अकोल्याला कोर्टकामासाठी जायचं तर गावातल्या स्टँडवर एसटी धरायचे नाहीत. तिकिटाचा टप्पा जिथे बदलतो तिथपर्यंत पाऊण कोस चालत जायचे, धोतर धुळीने लाल करून घ्यायचे आणि तिथून बस धरायचे. विडी अर्धी ओढून विझवायचे नि टोपीच्या दुमडीत खोचायचे. तहसीलदार घरी आला तर त्याला सिगारेटचं पाकीट पुढे करायचे, तो गेल्यावर त्याने टाकलेलं थोटूक पाहत बसायचे. अशा घरात पैसा साठणार नाही तर कुठे साठणार? फक्त तो कोणाच्या अंगाला लागलेला दिसत नव्हता.

त्या घरात हाजराबीची दोन माणसं होती. एक भगवंतरावांची म्हातारी आई, सत्यवती. दुसरी भगवंतरावांची एकुलती एक पोर, शालू.

शालू लहान असताना नव्या भरलेल्या गादीवर लोळायला पडवीत यायची. हाजराबी तिला लोळू द्यायची, वर म्हणायची, "लोळ माय, रुई बसते त्यानं." हाजराबीने दोरा भरून उरलेलं टोक फेकलं की शालू ते उचलायची. बोटभर, दीड बोट, जसं असेल तसं. सगळी टोकं एकमेकांना गाठी मारून तिने हा एवढा चेंडू केला होता. हाजराबीला त्याचं कोण कौतुक. कुर्बानला सांगायची, पोरगी हुशार आहे, काही वाया घालवत नाही. माया माणसाला आंधळं करते ती अशी. जे आईत दिसलं की तिचं डोकं फिरायचं, तेच पोरीत दिसलं की तिला हसू यायचं.

सत्यवतीबाईला छपन्न सालच्या पावसाळ्यात क्षय निघाला. भगवंतरावांनी अमरावतीच्या डॉक्टरला दाखवलं. त्याने तीन महिने रोज टोचायची इंजेक्शनं लिहून दिली. म्हातारीला खोलीत वेगळी ठेवा म्हणाला, भांडी वेगळी ठेवा म्हणाला, आणि बरंवाईट झालं तर अंथरूण जाळून टाका, हेही सांगून ठेवलं. वेगळी खोली नि वेगळी भांडी यांना पैसा लागत नाही, म्हणून त्या दोन गोष्टी लगेच झाल्या. इंजेक्शनं महिनाभर चालली. म्हातारीचा ताप उतरला, ती उठून बसायला लागली, आणि चतुराबाईने कंपाउंडरला दारातून परत पाठवलं. "आता बरं वाटून राहिलं त्यायले. मंग कायले टोचायचं?" भगवंतरावांनी मान हलवली. महिन्याभराने ताप परत आला, तेव्हा चतुराबाई म्हणाली की बघा, औषधाने काही होत नव्हतं, ते मीच म्हणत होते.

म्हातारीची गादी भरायला हाजराबीच गेली. पाठीला हाडं टोचतात म्हणून मऊ भर, असं सत्यवतीने सांगितलं होतं. आणखीही एक मागितलं. "उशाकडं ओव्याची नि कापराची पुडी शिवून देशीन का वं? श्वास लागते मले." हाजराबीने चतुराबाईकडे चिंधी आणि मूठभर ओवा मागितला. चतुराबाई म्हणाली, "ओवा संपला." फडताळात भरलेली बरणी दिसत होती. दुसऱ्या दिवशी हाजराबी आपल्या जुन्या हिरव्या ओढणीचा तुकडा, घरचा ओवा आणि दुकानातून घेतलेल्या कापराच्या दोन वड्या घेऊन आली. पुडी केली, चारी बाजूंनी बारीक टाका घातला आणि गादीच्या उशाशी रुईत आत दडवली. म्हातारी तिच्या हातावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिली. त्या घरात हाजराबीच्या हाताला हात लावणारी ती एवढीच.

सत्तावनच्या चैत्रात सत्यवती गेली. आता तिच्या खालच्या गादीचं काय करायचं, हा प्रश्न आला. त्या घरची जुनी रीत अशी की मढ्यावरचं कापड आणि मढ्याखालचं अंथरूण महारवाड्यातल्या नत्थुजीच्या घरी जायचं. नत्थुजीच्या बापाने नेलं, आज्याने नेलं. नको म्हणायची सोय कोणालाच नव्हती. भगवंतरावांनी त्याला बोलावणं धाडलं. नत्थुजी आला, पण अंगणात खाली बसला नाही, उभाच राहिला. आदल्या दसऱ्याला तो बायकोपोरांसह नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. म्हणाला, "पाटील, आमी बौद्ध झालो आता. मेल्या माणसाचं काही घेत नाही. तुमचं तुमी पहा." आणि आला तसा गेला. भगवंतराव लाल झाले. चतुराबाईने गल्लीत सगळीकडे सांगितलं की ही माणसं डोक्यावर चढली. मनातून ती बाई खूश होती. मऊसूत सहा शेर रुई घरातल्या घरात राहिली होती.

गल्लीत तिने असंही सांगितलं की गादी नदीवर नेऊन जाळली. हाजराबीने ते ऐकलं आणि तिला वाटलं, बरं झालं, निदान एवढं तरी केलं.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात शालूचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा, वकिलाचा, घरात विजेचे दिवे. पोरगी मॅट्रिक झालेली, नाकीडोळी नीटस. आंदणाला दोन गाद्या, चार रजया, सहा उशा द्यायच्या होत्या. भगवंतरावांनी, एरवी काही का असेना, पोरीसाठी जिनिंगमधून चांगली लांब धाग्याची नवी रुई घरी पाठवली. ती पाहून कुर्बान हरखला. पण चतुराबाईने त्यातली अर्धीच बाहेर ठेवली. बाकीची मागच्या खोलीत कुलपात गेली, दिवाळीला भाव चढला की विकायला. कमी पडलेली रुई तिने माळ्यावरून काढून दिली. गाठोड्यात बांधलेली, दबलेली, पिवळसर. कुर्बानने विचारलं नाही. पिंजाऱ्याच्या हाती येते ती निम्मी रुई जुनीच असते.

दुपारी तात वाजत होती आणि मध्येच तिचा आवाज बसला. काहीतरी अडकलं होतं. कुर्बानने ढिगात हात घातला आणि बोटभर लांब पुडी बाहेर काढली. हिरवं कापड, कडेने पांढऱ्या दोऱ्याचा बारीक टाका. तो ती फेकणार तोच हाजराबीने त्याचा हात मनगटाशी धरला. आपलं कापड आणि आपला टाका ओळखायला कोणी सांगावं लागत नाही.

ती तशीच उठून आत गेली. चतुराबाई लग्नपत्रिकांच्या चुकलेल्या प्रती दुमडून त्यांच्या पाठकोऱ्या बाजूचे वाण्याच्या यादीसाठी चिटोरे करत बसली होती.

"बाई, हे रुई कोठची?"

"घरची."

"बुढीच्या गादीतली होय हे."

"असंन. मंग?"

"ते गादी जाळली म्हने तुमी."

"खोळ जाळली," चतुराबाई म्हणाली. हेही खोटं होतं, खोळीची पोतेरी अजून मोरीत होती. "रुईले काय होते? आठ दिवस गच्चीवर ऊन दाखवलं. आता तुह्या नवऱ्यानं पिंजून धुराळा काढला. इतकं करून रोग काय चिकटून बसते?"

"डॉक्टरनं सांगतलं होतं."

"डॉक्टरचं काय जाते सांगाले? त्याच्या घरची होती का रुई?"

"शालूच्या अंगाखाली घालता तुमी हे?"

"वरून नव्या रुईचा थर दे. कोनाले दिसते." मग चतुराबाईने चिटोरे बाजूला ठेवले आणि नीट तिच्याकडे पाहिलं. "आन हे पाय हाजराबी, तुले जमत नसंन तर सांग. खातूनबी पिंजारीन रिकामीच बसली आहे. पन मंग या गल्लीत तुही सुई चालनार नाही. अन मी सांगीन लोकायले का नव्या रुईतली तीन शेर रुई कमी भरली म्हून काढली तुले."

चतुराबाईने हाजराबीच्या हातातली पुडी काढून घेतली, नाकाशी नेली. ओव्याचा वास गेला होता. तिने टाके उसवून ओवा अंगणात झटकला आणि हिरवी चिंधी चिंध्यांच्या बोचक्यात टाकली.

कुर्बानला तिने सांगितलं तेव्हा तो तात पुसत होता. "अपने को क्या करना है," तो म्हणाला. "गादी उनकी, रुई उनकी, बेटी उनकी."

"बेटी को मालूम नहीं."

"और बारिश में क्या खाएगी तू? ते बोल."

आषाढ दीड महिन्यावर होता. घरात ज्वारी किती होती ते तिला बोटांनी माहीत होतं. तिने खोळ पसरली, ती रुई भरली, वर नव्या रुईचा चार बोटांचा थर दिला. दुसरी गादी तिने नुसत्या नव्या रुईने भरली आणि ती वेगळी, भिंतीशी ठेवली. भरताना तिने नाकाला पदर बांधला होता. आपण हे करतो आहोत याची लाज वाटून ती दिवसभर कोणाच्या नजरेला नजर देईना. चतुराबाईला शिव्या देणं सोपं होतं. आपल्या हाताला काय म्हणायचं, हे तिला समजत नव्हतं.

पण दोरे भरायचे राहिले होते, आणि दोरे भरून होईपर्यंत गादी आपली असते, असं ती मानायची. त्या दोन दिवसांत शालूला सांगायचं तिने पक्कं केलं. मग गल्ली सुटली तर सुटली. वलगावला भावाकडे जाऊ, शेतात निंदायला जाऊ. ज्या पोरीला आपण गादीवर लोळवलं तिला हे माहीत असताना त्या अंथरुणावर निजू द्यायचं, हे तिच्याने होणार नव्हतं. रागाने म्हणा, मायेने म्हणा, ती एवढ्यापुरती घट्ट झाली.

दुसऱ्या दिवशी चतुराबाई हिवरखेडला गेली. पत्रिकांना तिकिटं लावावी लागू नयेत म्हणून आसपासच्या गावांतल्या पत्रिका ती स्वतः वाटत होती, तेही जिनिंगच्या ट्रकमधून फुकट. भगवंतराव बाहेर होते. कुर्बान नवी तात आणायला बाजारात गेला होता. पडवीत हाजराबी एकटी दोरे भरत बसली होती. एक कड पुरी झाली होती. शालू सरबत घेऊन आली आणि शेजारी टेकली. सरबत चांगल्या पेल्यात होतं, हे हाजराबीच्या लगेच लक्षात आलं. तिचा जीव भरून आला.

"शालू, तुले एक सांगतो. रागावू नको," ती म्हणाली, आणि सुई गादीत तशीच टोचून ठेवून तिने सगळं सांगितलं. गादी जाळली नव्हती ते, माळ्यावरचं गाठोडं, हिरवी पुडी, डॉक्टरचं बोलणं. आपण स्वतःच्या हाताने ती रुई भरली, हेही तिने लपवलं नाही.

शालू ऐकत होती. तिचा चेहरा उतरला, पण ती रडली नाही. "कोनती?" तिने विचारलं.

"हे. माह्या हाताखालची."

"आन भिंतीजवळची?"

"ते साफ नव्या रुईची. अल्लाची आन."

शालू उठली. भिंतीजवळच्या गादीत तिने हात दाबून पाहिला, मग इथे येऊन या गादीत दाबून पाहिला. "बरं केलं मावशी तुमी सांगतलं," ती म्हणाली. "हे मी नेत नाही अकोल्याले."

हाजराबीच्या छातीवरचं ओझं उतरलं. डोळ्यांना पदर लावून ती म्हणाली, "तुह्या बाबाले सांग. मांगच्या खोलीत नवी रुई आहे कुलपात. मी दोन दिवसांत दुसरी भरून देतो. मजुरी नको मले."

"नाही, बाबाले नका सांगू. घरात उगाच भांडनं होतीन. अन ते रुई आईनं दिवाळीसाठी ठेवली, तिले भाव येईन चांगला." शालू तिच्याजवळ बसली, लहानपणी बसायची तितकी जवळ, आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "असं करू. हे गादी तुमीच घेऊन जा."

"मी?"

"तुमची सिलाई व्हायची आहे ना? कुर्बानकाकाची पिंजाईबी. ते सगळं याच्यात धरा. सहा शेर तरी रुई आहे. पाहाल तर तुमचाच फायदा होते. आईले मी समजावतो, ते नाही म्हननार नाही."

हाजराबीला आधी वाटलं, आपण नीट सांगितलं नाही. "माय, बुढी याच्यावरच गेली. तिचं रगत, थुकी सगळं याच्यात..."

"हो. पन तुमी लोकं तर रोजच जुनी रुई पिंजता. कोनाकोनाची असते. तुमाले सवय आहे, तुमाले काही होत नाही." हे शालू प्रेमाने म्हणाली. तिच्या बोलण्यात कुठे टोचणी नव्हती, खोट नव्हती. सगळ्यांचं भलं होईल अशी वाट काढल्याचं समाधान तिच्या तोंडावर होतं. मग काहीतरी आठवून ती पुढे म्हणाली, "खोळ तेवढी धुऊन परत आना मावशी. कापड नवं आहे."

चतुराबाई निदान धमकी देऊन लुबाडायची. हाजराबीने त्या गुडघ्यावरच्या हाताकडे पाहिलं. बांगड्या नव्या होत्या, हाताला मेंदी लागायची होती. नत्थुजीने दारात उभं राहून जे नाकारलं, त्याला मजुरीचं नाव देऊन ते आता तिच्या पदरात घातलं जात होतं. पदरात घालणारी पोर तीच, जिच्यासाठी तिने आपली आषाढाची भाकरी पणाला लावली होती.

तिने हात बाजूला सारला, बोचक्यातून मोठी कात्री काढली आणि गादीच्या कडेत खुपसली. पट्ट्यापट्ट्यांची नवीकोरी खोळ उशापासून पायथ्यापर्यंत एका दमात उभी फाडली. मग परत उशाशी आली आणि हातभर अंतरावर दुसऱ्यांदा उभी फाडली. वरची पांढरी रुई दोन्ही बाजूंना ढळली आणि खालची पिवळी वर आली.

"मावशी, कापड," शालू म्हणाली. तिने कात्री धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गालांवर ओघळलं. आजीची गोष्ट ऐकताना आलं नव्हतं. "तुमाले नसंन पायजे तर नाही म्हनायचं होतं. कापड कायले फाडलं?"

हाजराबीने कात्री, सुया, पुठ्ठ्यावरचा दोरा बोचक्यात बांधला. दोरा चतुराबाईचा होता, हे लक्षात आल्यावर तो परत काढून जमिनीवर टाकला. पिंजण भिंतीला टेकलेलं होतं, ते खांद्यावर घेतलं. पदर झटकायला ती उंबऱ्यापाशी थांबली नाही. केसांत रुई घेऊनच अंगणात उतरली, आणि तिथे तिने एकदा मागे पाहिलं.

शालू गुडघ्यांवर बसली होती. डोळे पुसत पुसत तिने फाटलेल्या खोळीच्या पट्ट्या रुईखालून ओढून काढल्या होत्या. त्यांना चिकटलेली रुई ती बोटांनी खरवडून टाकत होती. मग तिने एक पट्टी मांडीवर सरळ पसरली आणि वितीने मोजली.

"उभीच फाटली, बरं झालं," ती स्वतःशीच म्हणाली. "दोन उशायच्या खोळी निघतीन."

"शालू," हाजराबी अंगणातून म्हणाली, "त्याच्यावर डोकं ठेवशीन तू?"

"धुवून घेईन ना," शालू म्हणाली आणि दुसरी पट्टी मोजायला घेतली.